पायऱ्यांखालचं पाणी: नॅरोबोटच्या तळाशी ओल पुन्हा पुन्हा का साचते आणि ती कशी शोधायची

आम्ही इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत, म्हणजे लांबट, अरुंद पोलादी बोटीत राहतो. तिच्या मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरलं की पायाखाली एक सुटी चौकोनी फळी आहे. ती उचलली की बोटीचा पोलादी तळ दिसतो, आणि त्या तळाच्या खाली थेट कालवा. बोट घेतली त्या पहिल्याच हिवाळ्यात, नोव्हेंबरमध्ये, मी सहज ती फळी उचलून हात घातला तर बोटाची दोन पेरं पाण्यात बुडाली. मगाने आणि स्पंजने उपसून १५ लिटर पाणी निघालं. कोरडं केलं, फळी लावली. अकराव्या दिवशी पुन्हा जवळपास तेवढंच. पुन्हा उपसलं, पुन्हा आलं. फेब्रुवारी उजाडेपर्यंत हेच चाललं होतं.

इंग्लंडच्या कालव्यांवर राहणाऱ्या किंवा जुनी नॅरोबोट घ्यायचा विचार करणाऱ्या आपल्या तीन-चार जणांनी गेल्या वर्षभरात मला हाच प्रश्न विचारला, आणि प्रत्येकाच्या आवाजात तीच धास्ती होती: बोट बुडतेय का? म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

बहुतेक वेळा बोट बुडत नसते. पाणी कालव्यातून आलेलं नसतं, बोटीतूनच आलेलं असतं. पण ते एकाच जागेहून आलेलं नसतं आणि फसगत होते ती तिथेच. एक गळती बंद केली तरी पाणी येतच राहतं. मग आपण ठरवतो की ती गळती नव्हतीच, आणि दुसरीकडे शोधायला लागतो. आमचे तीन महिने आणि बरेच पैसे असेच गेले.

आमची बोट ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद. इथली अरुंद लॉक, म्हणजे बोट वर-खाली न्यायचे दरवाजेबंद हौद, जेमतेम ७ फुटांची, म्हणून ही रुंदी. तळ १० मिलिमीटर जाडीचा, बाजू ६ आणि वरची केबिन ४. पुढच्या टोकाला ४०० लिटरची गोड्या पाण्याची टाकी, मागे डिझेल इंजिन. आम्हाला बोट उभी करायची कायमची जागा नाही, त्यामुळे परवान्याच्या नियमाप्रमाणे दर १४ दिवसांच्या आत पुढे सरकायचं. वर्षातला बराच काळ ऑक्सफर्ड आणि ग्रँड युनियन या दोन कालव्यांवर, ब्राउनस्टन गावाच्या आसपास. तुमची बोट वेगळी असेल, पण पाण्याच्या वाटा बऱ्याचशा याच असतील.

आधी पाहा, पाणी कुठल्या खणात आहे

पाणी साचायच्या जागा दोन आणि त्यांचे नियम वेगळे. मागे इंजिनाचा खण, पुढे राहत्या केबिनचा तळ, मध्ये पोलादी भिंत. इंजिनाच्या खणात थोडं पाणी येणारच. प्रोपेलरचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो तिथे स्टर्न ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारा जोड असतो. बोट चालू असताना तिथून मिनिटाला दोन-चार थेंब पडले तर चालतं, पण संध्याकाळी बोट बांधून ग्रीसरची (त्या जोडात ग्रीस दाबणारी) मूठ घट्ट फिरवली की थेंब थांबायला हवेत. थांबले नाहीत तर ग्लँडचे दोन्ही नट सारखे, पाव-पाव फेरा आवळायचे. एकदम आवळले तर दांडा तापतो आणि झिजतो. आवळायला जागाच उरली नसेल तर आतलं पॅकिंग बदलायची वेळ झाली. या खणातलं तेलकट पाणी कालव्यात सोडायचं नाही, आधी तेल शोषणाऱ्या चटईने तेल टिपून घ्यायचं.

वीडहॅचबद्दल, म्हणजे प्रोपेलरच्या वरच्या झाकणाबद्दल, मात्र कळकळीने सांगते. प्रोपेलरला गुंडाळलेलं प्लास्टिक, चिंध्या काढायला हे झाकण उघडावं लागतं. काम झालं की ते परत नीट बसवून, घट्ट करून, हाताने हलवून पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. प्रोपेलर पाणी वर उसळवतो, आणि सैल राहिलेल्या त्या एका झाकणातून बोटी बुडालेल्या आहेत.

केबिनच्या तळाची गोष्ट वेगळी. तो कोरडाच असायला हवा. तिथलं पाणी कालव्याचं आहे का, याची परीक्षा सोपी आहे. पाणी उपसू नका. आहे त्या पातळीला आडव्या पोलादी पट्टीवर पेन्सिलने रेघ मारा, नळाचा पंप बंद करा, इंजिन लावू नका, आणि पावसाचा अंदाज नसेल असे दोन दिवस बोट बंद ठेवून बाहेर राहा. परत आल्यावर पाणी रेघेच्या वर गेलेलं असेल तर हे लिखाण बाजूला ठेवा आणि बोट पाण्याबाहेर काढायची तजवीज करा. सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी जागोजागी मोजतो. ४ मिलिमीटरच्या खाली आकडे आले की विमा कंपन्या सहसा वरून नवा पत्रा चढवायला सांगतात. रेघ जिथल्या तिथे असेल तर निवांत श्वास घ्या. आमची रेघ जागची हलली नव्हती.

इथे एक ताकीद. 'चव घेऊन बघ, कालव्याचं आहे की टाकीचं' असा सल्ला कुणीतरी देईलच. अजिबात घेऊ नका. कालव्याच्या पाण्यातून उंदरांच्या लघवीतला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. इथे त्याला वाइल्स डिसीझ म्हणतात, पण हा तोच लेप्टो, ज्याच्या भीतीने मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर गोळ्या घ्यायला सांगतात. हाताला चीर असेल तर हातमोजे घालूनच उपसा. शिवाय ते पाणी इंजिनाच्या कूलंटचं असेल तर त्यातलं अँटीफ्रीझ गोडसर असतं आणि विषारी असतं. निळसर किंवा गुलाबी झाक, बोटांना बुळबुळीतपणा एवढ्यावरून ते ओळखू येतं.

सापडतं तिथे गळत नसतं

नॅरोबोटचं मागचं टोक इंजिनाच्या वजनाने थोडं खाली बसलेलं असतं. त्यामुळे पाणी कुठेही पडलं तरी तळावरून वाहत मागे येतं आणि पायऱ्यांखाली साचतं. कोकणातल्या जुन्या घरात वाढलेल्यांना हे लगेच समजेल: कौल फुटलेलं असतं माजघरावर, पाणी वाशावरून घसरत जातं आणि थेंब पडतो पडवीत. पडवीवरची कौलं कितीही बदला, गळती थांबत नाही.

बोटीत यात एक जास्तीचा घोळ आहे, आणि तो मला कुणी सांगितला नव्हता. टाकी भरली की पुढच्या टोकावर ४०० किलो वजन येतं. बोट जवळजवळ सपाट होते आणि तळाचं पाणी पसरून मधल्या खणांत थांबतं. मग रोज भांडी, अंघोळी, स्वयंपाक करत टाकी रिकामी होत जाते, पुढचं टोक वर येतं, आणि आठवडाभर मधे पडून राहिलेलं पाणी एकदम मागे सरकतं. आमची टाकी जपून वापरली की अकरा-बारा दिवस पुरते. आता वरचा अकरावा दिवस आठवा. पाणी त्या दिवशी आलेलंच नसायचं, फक्त त्या दिवशी दिसायचं. मी मात्र दर वेळी आदल्या रात्री काय झालं याचा शोध घेत होते.

तेव्हा मोजमाप सुरू करायच्या आधी दोन कामं करा. तळावरच्या आडव्या पट्ट्यांना खाली पाणी वाहून जायला छोटी भोकं ठेवलेली असतात. बोट तयार होताना पडलेला भुसा आणि इन्सुलेशनच्या फेसाचा चुरा त्यांत अडकतो. हात पोहोचेल तिथली सगळी भोकं तारेने मोकळी करा. दुसरं, जमिनीच्या फळीत आणखी दोन झाकणं कापून घ्या, एक मधे आणि एक पुढे. चांगल्या फळीला भोक पाडायला जीव होत नाही, पण तळ डोळ्यांनी पाहता आल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही.

खिडक्यांची चूक

डिसेंबरमध्ये आम्ही खिडक्यांवर संशय घेतला आणि तो बरोबरच होता. नॅरोबोटच्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या चौकटीत खाली बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. काचेवरून चौकटीत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. कालव्यावर बोट झाडांखाली उभी असते, त्या भोकांत शेवाळ आणि माती बसते, चौकट पन्हळीसारखी भरते आणि पाणी आतल्या काठावरून लाकडी अस्तराच्या मागे उतरतं. आत भिंत कोरडी दिसते आणि तळ ओला होतो.

आमच्या दोन खिडक्यांची भोकं बुजली होती आणि तिसरीच्या चौकटीमागचं सील वाळून भेगाळलं होतं. भोकं पातळ तारेने साफ केली, तिसरी खिडकी काढून नव्या सीलिंग टेपवर बसवली. एक अख्खा शनिवार-रविवार गेला. अकरा दिवसांनी फळी उचलली, तर पाणी होतंच. नवरा म्हणाला, "म्हणजे खिडक्या नव्हत्या." मीही मान डोलावली. पुढचे पाच आठवडे छपरावरचे मश्रूम व्हेंट (हवा येण्याजाण्याची छत्रीसारख्या झाकणाची भोकं), चिमणीची कॉलर, हँडरेलचे जोड असं एकेक खोलत गेलो, आणि शेवटी बोट ड्राय डॉकला, म्हणजे पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करतात तिथे, न्यायची वेळही ठरवून आलो.

जानेवारीच्या शेवटी आईशी फोनवर बोलताना मी सहज म्हटलं, की गळती काही सापडत नाही. ती म्हणाली, "अगं, पातेली ठेवलीस का? तुझे आजोबा आधी पातेली मांडायचे. कुठलं किती वेळात भरतं ते बघायचे, आणि मगच कौलावर चढायचे."

मी पातेली मांडली नव्हती. पाणी आहे की नाही एवढंच मी पाहत होते. किती आहे, हे पहिल्या वेळेनंतर मोजलंच नव्हतं. त्या दिवशी फळी उचलून मापाच्या जगने उपसलं तर ११ लिटर निघालं. खिडक्यांच्या दुरुस्तीने ४ लिटर कमी झालं होतं, आणि आम्ही ती दुरुस्ती फुकट गेली असं धरून चाललो होतो. डॉकची ठरवलेली वेळ दुसऱ्या दिवशी रद्द केली.

वही

तुमच्या बोटीत हेच चाललं असेल तर इथून सुरुवात करा. तळ पूर्ण कोरडा करा. वेट व्हॅक्यूमने पाणी ओढून घ्या, जुन्या टॉवेलने पुसा, मग मागच्या झाकणावर १२ व्होल्टचा छोटा पंखा आत हवा फेकेल असा ठेवा आणि पुढचं झाकण उघडं ठेवा. आम्हाला नऊ दिवस लागले, कारण तळावर वजनासाठी रचलेल्या विटा पाणी पिऊन बसल्या होत्या. हात पोहोचेल तेवढ्या विटा काढून स्टोव्हशेजारी वाळवल्या.

मग प्रत्येक खणात किचन रोलच्या कागदाचा एक तुकडा ठेवा आणि रोज सकाळी एकाच वेळी पाहा. वहीत पाच रकाने पुरतात: पाऊस पडला का, इंजिन किती तास चाललं, अंघोळी किती झाल्या, टाकी भरली का, आणि सकाळी किती मिलिलिटर निघालं. कुठून येतंय याचा विचार काही दिवस बाजूला ठेवा, कधी येतंय तेवढं लिहा. पावसाचं पाणी पावसात येतं, शॉवरचं अंघोळीनंतर येतं, टाकीच्या व्हेंटचं (हवा जायच्या नळीचं) टाकी काठोकाठ भरली की येतं. प्रत्येक गळतीची एक वेळ असते आणि ती वेळ वहीत दिसते.

आमची वही आठव्या दिवशीच बोलायला लागली. पाऊस असो नसो, ज्या दिवशी इंजिन दोन तास चाललं त्याच्या दुसऱ्या सकाळी ९०० ते १००० मिलिलिटर निघायचं. ज्या दिवशी इंजिन लागलं नाही, त्याच्या दुसऱ्या सकाळी जेमतेम २००. पहिला ओला कागद दर वेळी एकाच खणातला, पलंगाखालच्या कॅलोरिफायरजवळचा.

कॅलोरिफायरचा सेफ्टी व्हॉल्व्ह

कॅलोरिफायर म्हणजे बोटीचा गिझर. इंजिन थंड ठेवून आलेलं गरम कूलंट त्याच्या आतल्या नळीतून फिरतं आणि भोवतीचं नळाचं पाणी तापतं. आमचा ५५ लिटरचा. पाणी तापलं की फुगतं. १० अंशांचं पाणी ८० अंशांवर नेलं तर सुमारे २.९ टक्के, म्हणजे ५५ लिटरमागे साधारण १.६ लिटर. थंड पाण्याच्या वाटेवर उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असल्यामुळे या फुगलेल्या पाण्याला मागे जाता येत नाही. त्याला सामावून घ्यायला एक्स्पान्शन व्हेसल असतं, ज्याच्या आत रबरी पडदा आणि पडद्यामागे दाबलेली हवा. ते नसेल किंवा बिघडलेलं असेल तर दाब ३ बारवर जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकतो. घरच्या गिझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब गळतात, तेच हे. व्हॉल्व्ह त्याचं काम चोख करत होता. चूक एवढीच की आमच्या बोटीच्या जुन्या मालकाने किंवा बांधणाऱ्याने व्हॉल्व्हची नळी बोटीबाहेर न काढता खाली तळावर सोडून दिली होती. अशा बोटी खूप आहेत.

तपासायला खर्च शून्य. त्या नळीचं तोंड २ लिटरच्या रिकाम्या बाटलीत सोडा आणि इंजिन दोन तास चालवा. आमच्या बाटलीत पहिल्याच दिवशी ९५० मिलिलिटर पाणी होतं. मी ती बाटली हातात धरून बराच वेळ तिथेच बसून राहिले.

व्हेसल नीट आहे का, हे पाहायला त्याच्या टोकावरची सायकलच्या ट्यूबसारखी व्हॉल्व्हची पिन दाबा. हवा आली तर ठीक. पाणी उडालं तर पडदा फाटला, नवीन आणा. आमच्याकडे पाणी उडालं. नवीन घेताना मात्र मापाचा विचार करा. आमचा नळाचा पंप दाब २ बार झाला की आपोआप बंद होतो, व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो. या दोन दाबांच्या मधे व्हेसलच्या आकाराच्या जेमतेम पाव भाग पाणी आत मावतं. म्हणजे जुनं २ लिटरचं व्हेसल धडधाकट असतं तरी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त सामावून घेऊ शकलं नसतं. आम्ही ८ लिटरचं बसवलं, पिण्याच्या पाण्यासाठीचं. हीटिंगसाठीचं लाल रंगाचं मिळतं, ते इथे चालत नाही. बसवताना पंप बंद करून, नळ उघडून दाब पूर्ण घालवायचा आणि मग सायकलच्या पंपाने हवा पंप बंद होतो त्या दाबापेक्षा थोडी जास्त भरायची, आमच्यात २.१ बार.

व्हॉल्व्हची नळी कधीही बुच लावून बंद करू नका. तापलेल्या बंद टाकीला ती एवढीच सुटका आहे. आम्ही ती नळी लांब करून सिंकखालच्या बाटलीत आणून सोडली आहे, म्हणजे उद्या व्हेसल पुन्हा फाटलं तर रोज भांडी घासताना डोळ्यांना दिसेल. व्हॉल्व्हची टोपी दोन-तीन महिन्यांनी एकदा फिरवून थोडं पाणी जाऊ द्या. इथलं पाणी क्षारयुक्त आहे, क्षार साचून व्हॉल्व्ह अडकतो.

उरलेलं दव

व्हेसल बसवल्यावर अकरा दिवसांचं पाणी ११ लिटरवरून २ लिटरच्या आसपास आलं. इंजिनाशी संबंध नाही, पावसाशी नाही. कडाक्याच्या थंडीत जास्त.

हे ओळखायला आपल्याच घरातल्या दोन वस्तू आठवा. माठ पाझरतो तो आतल्या पाण्याने. गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात ते हवेतल्या पाण्याने, पेला कुठेही फुटलेला नसतो. नॅरोबोट हा असाच पेला, फक्त उलटा. गारवा बाहेर, थेंब आत. २० अंशांची हवा दर घनमीटरला १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, ५ अंशांची जेमतेम ७. केबिनमधली उबदार दमट हवा फळ्यांच्या फटींतून खाली जाते, कालव्याच्या पाण्याने थंडगार झालेल्या तळाला टेकते आणि उरलेलं बाष्प तिथेच सोडते. भिंतींना आणि छताला आतून इन्सुलेशन असतं, तळाला बहुतेक बोटींत नसतं.

बाष्प येतं कुठून, तर आपल्यातून. दोन माणसांचा श्वास, अंघोळ, भाताची वाफ, आत वाळत घातलेले कपडे. आणि एक जे चटकन लक्षात येत नाही, गॅस. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं. आमच्या १३ किलोच्या एका सिलिंडरमागे २१ लिटर पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं. म्हणून गॅस पेटवून केबिन गरम करायचा मोह टाळा. ते कार्बन मोनॉक्साइडच्या दृष्टीनेही जिवावरचं आहे. घन इंधनाचा स्टोव्ह ओलावा वाढवत नाही, कारण त्याचा धूर चिमणीतून बाहेर जातो.

खात्री करायची असेल तर आरओवाले वापरतात ते पेनासारखं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, कामाला येतं. दवात क्षार जवळजवळ नसतात. मी पुण्याहून येताना आणलं होतं. आमच्या टाकीच्या पाण्याचा आकडा ३२० येतो, खिडकीच्या काचेवरून टिपलेल्या दवाचा २५. तळावर रात्रीतून नुकतं जमलेलं पाणी टिपून मोजलं तर ६०-७० आलं, म्हणजे दवच. जुनं साचलेलं पाणी मोजण्यात अर्थ नाही. गंज आणि माती मिसळून आकडा वाढतो.

दव पूर्ण थांबत नाही, कमी करता येतं. स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी, भातावर झाकण, कपडे शक्यतो लाँड्रोमॅटमध्ये, आणि पुढच्या-मागच्या टोकाला फळीत जाळी बसवून तळाखालून हवा खेळती. थंडी वाजते म्हणून मश्रूम व्हेंटमध्ये चिंधी कोंबणारे बरेच भेटतात. कृपा करून तसं करू नका. ओल तर वाढतेच, पण ती भोकं स्टोव्ह आणि गॅसच्या सुरक्षेसाठी ठेवलेली असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म १ एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीममध्ये, म्हणजे इथल्या बोटींच्या सुरक्षा तपासणीत, सक्तीचा आहे. त्याचं बटण आठवड्यातून एकदा दाबून पाहा.

आणखी एक, एप्रिल-मेमध्ये ऊन पडल्यावर तळ पुन्हा ओला दिसला तर घाबरू नका. हवा तापते पण कालव्याचं पाणी आठवडेच्या आठवडे गारच राहतं. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे फरशीला घाम येतो, तसंच.

तुमच्या वहीत वेगळी वेळ दिसली तर

पाणी पंप चालू असतानाच वाढत असेल तर रात्री सगळे नळ बंद करून, पंपाचं बटण चालू ठेवून, शांत पडून ऐका. मधेच पंप अर्धा सेकंद घुरघुरला तर दाबाच्या नळीत कुठेतरी झिरपा आहे. सापडेपर्यंत झोपताना आणि बाहेर जाताना पंप बंद ठेवा. सापडल्यावरही तीच सवय राहू द्या, एक नळी सुटली तर पंप अख्खी टाकी तळात ओतू शकतो. जुन्या कोळशाच्या बोटींवरच्या कुटुंबांकडे पिण्याचं पाणी छपरावरच्या रंगवलेल्या बकबी कॅनमध्ये असायचं. जेमतेम दहा फुटांच्या केबिनमध्ये आई-बाप आणि मुलं राहायची. नळ नव्हते, म्हणून नळांची गळती नव्हती, पण लाकडी तळातून झिरपणारं पाणी त्यांना हातपंपाने उपसत राहावं लागे. त्या बायकांनी एवढ्या जागेत एवढी ओल कशी सांभाळली असेल, हे मला थंडीत रोज आठवतं.

अंघोळीनंतर वाढत असेल तर शॉवरच्या ट्रेचं भोक बंद करून ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि खायचा लाल रंग घाला, तासभर ठेवा. तळाचा कागद लाल झाला तर ट्रेला चीर किंवा खालचा जोड सैल. न झाला तर ट्रेच्या कडेचं सिलिकॉन बघा. ते माणूस आत उभा राहिल्यावरच उघडतं, म्हणून कुणालातरी आत उभं करून वरून पाणी सोडा.

टाकी भरल्यावर वाढत असेल तर टाकीचा व्हेंट आणि भरायच्या नळीचा जोड पाहा. पुढचा उघडा डेकही पाहा. टाकी भरल्यावर तो भाग खाली जातो आणि डेकचं पाणी बाहेर काढणारी भोकं कालव्याच्या पातळीजवळ येतात.

पावसात वाढत असेल तर एकेक खिडकी झारीने भिजवा, खालून वर, प्रत्येक जागेला दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून उतरतं आणि काहीच कळत नाही. बोट कुठल्या बाजूला कलली आहे तेही लिहा. आम्ही कोळशाची पोती छपरावर डाव्या बाजूला ठेवायचो. मधे आणून ठेवली तर एका खिडकीचं पाणी आपोआप बाहेरच्या बाजूने जायला लागलं.

आता आमचा तळ असा आहे: गंजाच्या खपल्या तारेच्या ब्रशने काढल्या, रस्ट कन्व्हर्टर लावला, विटांखाली पट्ट्या घातल्या म्हणजे त्यांच्याखालून हवा जाईल. पायऱ्यांखालच्या फळीखाली किचन रोलचा तुकडा अजून असतो, दर रविवारी बदलते. या जानेवारीत कालव्यावर चार दिवस बर्फ धरला होता तेव्हा सकाळी तो ओला व्हायचा, पिळून अर्धी वाटी निघायची. बर्फ वितळल्यावर कोरडा झाला. सिंकखालची बाटली रिकामी आहे. सप्टेंबरमध्ये ब्लॅकिंगसाठी, म्हणजे बाहेरून काळा संरक्षक लेप द्यायला, बोट बाहेर काढायची आहे. तेव्हा तळाची जाडी मोजून घेणार, कारण तीन महिने पाणी आतून साचत होतं ते नेमकं पायऱ्यांखालच्या त्या एका खणात.